कोणती चूक आधी?

मुलांच्या बेसबॉलचा सराव संपत आला होता. मी नेहमीसारखी पालथ्या बादलीवर बसून सॉफ्ट टॉस देत होते, म्हणजे बाजूने एकेक बॉल हलकेच बॅटरच्या पुढ्यात उडवत होते आणि तो समोरच्या नेटमध्ये मारला जात होता. बॅट हातात घेऊन दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिच्या प्रत्येक स्विंगनंतर मागून सरांचा आवाज यायचा. "मागचं कोपर पुढे पळतंय." पुढचा बॉल. "डोकं उडालं." पुढचा. "पाय बाहेर पडला बघ." पुढचा. "मनगटं लवकर वळवलीस." ती दर वेळी मान डोलवायची. मग एकदा तिने बॅट जमिनीवर टेकवली आणि उद्धटपणाचा लवलेशही नसलेल्या आवाजात विचारलं, "सर, यातली कोणती चूक आधी सुधारू?" सर हसले. म्हणाले, "सगळ्याच." तीही हसली, हेल्मेट सारखं केलं आणि परत उभी राहिली. त्यानंतरचे तिचे स्विंग बघवेनात. अंगातल्या एकेका सांध्याची परवानगी काढत काढत बॅट निघत होती, आणि तोवर बॉल खाली पडलेला असायचा.

तो प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. पंचाईत अशी, की सरांचं एकही निरीक्षण खोटं नव्हतं. कोपर पळत होतंच, डोकं उडत होतंच, आणि पाय तर बादलीवरून मला त्यांच्यापेक्षाही स्वच्छ दिसत होता. चारही गोष्टी खऱ्या. पण शरीर त्या चार वेगवेगळ्या करत नाही, ते एकच गोष्ट करतं आणि आपण तिचे चार तुकडे पाडून त्यांना नावं देतो. त्या तुकड्यांत कुठला आधीचा आणि कुठला त्याच्यामागून फरफटत आलेला, हे मुलांना कळायचं काही कारण नाही. ते मोठ्यांनी सांगायचं असतं, आणि बहुतेक वेळा मोठेच त्याबाबतीत चाचपडत असतात.

बादलीवरून बॅटरचा चेहरा फारसा दिसत नाही. दिसतात ते पाय, गुडघे आणि कमरेचा पट्टा. सुरुवातीला मला ही जागा कमीपणाची वाटायची, आता तिच्यासारखी जागा नाही असं वाटतं, कारण स्विंग सुरू होतो तो इथूनच. वजन किंचित मागच्या पायावर जातं, पुढचा पाय उचलला जातो, पुढे टेकतो, आणि टेकल्या टेकल्या कंबर वळायला लागते. खांदे मात्र अजून मागेच असतात. त्या एका क्षणात कंबर आणि छाती यांच्यामध्ये पिळलेल्या कपड्यासारखा ताण दिसतो, शर्टावर तिरक्या चुण्या पडतात. मग खांदे सुटतात, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी बॅटचं टोक. यातला प्रत्येक भाग आधी वेग घेतो आणि मग स्वतः मंदावतो. त्याच्या मंदावण्यातूनच पुढच्या भागाला वेग मिळतो. मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधल्या, बॅटरच्या बॅटचा वेग सरासरी ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास असतो, आणि तो एकट्या हातांनी येणं शक्यच नाही. जमिनीला रेटलेल्या पायातून तो वर चढत येतो. लहान मुलांमध्ये ही साखळी कुठेतरी तुटते आणि मग उरलेलं सगळं काम बिचारे हात करत बसतात.

आणि हे सगळं किती वेळात? मेजर लीगमध्ये पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे बॅटर उभा असतो तिथल्या पाटीपर्यंतचं, अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. १८९३ पासून ते बदललेलं नाही. बॉल हातातून सुटतो तो मात्र पिचरने एक लांब पाऊल टाकल्यावर, त्यामुळे ताशी १४५ किलोमीटरने आलेला बॉल सुटल्यापासून जेमतेम ०.४ सेकंदात प्लेटवर हजर होतो. स्विंगलाच साधारण ०.१५ सेकंद लागतं. उरलेल्या पाव सेकंदात बॉल दिसायचा, ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि पायांना निरोप पाठवायचा. लहानांच्या मैदानावर बॉल हळू येतो म्हणून त्यांचं बरं चाललंय असं आपल्याला वाटतं, पण लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, हे अंतर ४६ फूटच असतं. ताशी १०० किलोमीटरचा बॉल तिथेही अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो.

कोपर आठवायला त्यात जागा कुठे आहे?

बॉलचा व्यास सुमारे ७.३ सेंटिमीटर. लाकडी बॅट सगळ्यांत जाड जागी ६.६ सेंटिमीटरच्या वर असता कामा नये. दोन्ही गोल. क्रिकेटमध्ये बॅटला निदान एक सपाट तोंड असतं, इथे तेही नाही, त्यामुळे बॅट बॉलच्या मध्यापासून जराशी वरखाली लागली की सरळसोट जाणारा फटका एक तर जमिनीत घुसतो किंवा आभाळात जातो. वेळेचं गणितही असंच. सेकंदाचा शंभरावा भाग लवकर लागली तर बॉल एका बाजूला फाउल, म्हणजे हद्दीबाहेर, तेवढीच उशिरा लागली तर दुसऱ्या बाजूला. बॅट आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तेवढ्यात हातांना सगळं कळतं, ही मला या खेळातली सगळ्यांत गोड गोष्ट वाटते. टोकापासून वीतभर आत बॉल लागला तर हातांना जवळजवळ काहीच जाणवत नाही, नुसता टणक, भरीव आवाज येतो. मुठीजवळ लागला तर अंगठ्याच्या बेचक्यात अशी झिणझिणी उठते की डोळ्यांत पाणी यावं, आणि थंडीत तर बॅट हातातून टाकूनच द्यावीशी वाटते. मुलं एकमेकांकडे बघून हात झटकतात आणि हसतात. कुठे लागला हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

पाय बाहेर पडणं घ्या. पुढचा पाय पिचरच्या दिशेने टाकायचा, तो मूल बाजूला, प्लेटपासून लांब टाकतं. ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत जास्त ओरडा खाणारी चूक. सरळ उपाय म्हणून पायामागे फळी किंवा आडवी बॅट ठेवतात, म्हणजे पाय मागे सरकला की अडखळेल. काही दिवस पाय सरळ पडतो. फळी काढली की पुन्हा तेच. कारण पाय मूर्ख नसतो. सुमारे १४५ ग्रॅमची, आत दोऱ्याने घट्ट गुंडाळलेली आणि वरून कातड्याने शिवलेली टणक वस्तू आपल्याकडे येत असताना तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे त्या पायाला कुणी शिकवलेलं नाही आणि कुणी विसरायलाही लावू शकणार नाही. ज्या मुलाला एकदा बरगडीत बॉल बसलाय त्याच्या पायाला तर नाहीच नाही. मी पाहिलेला त्यातल्या त्यात उपयोगी पडलेला उपाय जरा उलटा आहे. टेनिसचे बॉल घ्यायचे आणि मुलांना बॉल लागून घ्यायला शिकवायचं: बॉल अंगावर येतोय असं दिसलं की पुढचा खांदा आत, कॅचरकडे, म्हणजे मागे बॉल झेलणाऱ्याकडे, वळवायचा, हनुवटी छातीशी न्यायची, बॅट खाली करायची आणि पाठीचा मांसल भाग पुढे करायचा. आधी किंकाळ्या, मग हशा, मग "मावशी, अजून एक, जोरात टाका." भीती त्याने जाते असं मी म्हणणार नाही. पण भीतीला करायला काहीतरी काम मिळतं, आणि पाय मोकळा होतो.

आता त्या पायाच्या मागोमाग काय काय येतं ते बघा. पाय बाहेर पडला की कंबर अवेळी उघडते. कंबर उघडली की पुढचा खांदा तिच्याबरोबर ओढला जातो. खांदा गेला की डोकं जातं, कारण मान खांद्यावरच बसवलेली आहे. शरीर प्लेटपासून लांब गेल्यामुळे बाहेरच्या कडेचा बॉल पुरत नाही, म्हणून हात लांब फेकावे लागतात. लांब फेकलेल्या हातांनी बॅट वेळेवर आणायची तर मनगटं आधीच वळवावी लागतात. सरांनी सांगितलेल्या चार चुकांतल्या तीन तर एकाच पावलाची पिलावळ. "डोकं उडालं" हे अगदी खरं, पण डोक्याला धरून ठेवून काय होणार, त्याला ओढणारा दोर खाली बांधलेला आहे.

डोक्यावरून आठवलं. "नजर बॉलवर ठेव" यापेक्षा जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य या खेळात नसेल. ते वाईट नाही, फक्त शब्दशः पाळता येत नाही. १९८४ मध्ये बाहिल आणि लारिट्झ या दोन संशोधकांनी बॅटरच्या डोळ्यांच्या आणि डोक्याच्या हालचाली मोजल्या, तेव्हा व्यावसायिक खेळाडूचीही नजर प्लेटच्या काही फूट अलीकडे बॉलच्या मागे पडते असं दिसलं. जवळ आलेला बॉल इतक्या वेगाने बाजूने सरकतो की डोळे त्याच्याबरोबर फिरू शकत नाहीत. म्हणजे बॅट बॉलला लागताना "दिसते" ही आपली समजूत. बॉल जिथे असणार तिथे बॅट जाते, आणि तो कुठे असणार हे आधीच ठरलेलं असतं. कशावरून? बऱ्याच अंशी पिचरच्या शरीरावरून. २००४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरने आल्बर्ट पुहोल्सला बाद केलं होतं. पुहोल्स म्हणजे त्या काळातल्या सर्वोत्तम बॅटरपैकी एक. सॉफ्टबॉल आकाराने मोठा, वेगही मेजर लीगपेक्षा कमी. अंतर मात्र ४३ फूट आणि बॉल खालून येणारा. खांद्यावरून येणाऱ्या हातांची ओळख त्याच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं साठलेली होती, ती इथे कामालाच आली नाही. हे वाचल्यापासून मशीनसमोर तासन्‌तास उभी केलेली मुलं पाहिली की मला कसंतरी होतं. मशीनला खांदा नसतो. ती मुलं स्विंग घोटवत असतात हे खरं, पण बघायला शिकत नाहीत, आणि मग सामन्यात उशीर झाला की आपण म्हणतो, हात मंद आहेत.

कोपराची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि इथे माझा सरांशी काहीच वाद नाही. मागचं कोपर हातांच्या पुढे धावतं, पोटाशी घुसतं, आणि बॅटचं टोक मागे लोंबकळत राहतं. नुसत्या डोळ्यांना हे सहसा दिसत नाही, फोनवर सावकाश चालवलं की दिसतं. वाईट असं, की लहान वयात ही चूक हिट, म्हणजे यशस्वी फटके, मिळवून देते. हळू बॉलवर एवढा उशीर खपून जातो, मूल संघातलं सगळ्यांत चांगलं बॅटर ठरतं, टाळ्या मिळतात, सवय मुरते. दोन-तीन वर्षांनी अंतर वाढतं, वेग वाढतो, आणि त्याच मुलाला आतला बॉल कधीच सापडत नाही. आई-वडील म्हणतात, आधी किती छान मारायचा, हल्ली लक्षच नाही. लक्ष आहे हो. तो आधीपासून तसाच मारत होता.

हे कोपर पळवण्यात मोठ्यांचा हात असतो, तो असा. थोर खेळाडूंच्या फोटोत, बॉल यायच्या आधीच्या क्षणी, मागचं कोपर वर उचललेलं दिसतं. त्यावरून "कोपर वर!" ही आरोळी निघाली. त्या खेळाडूंचं कोपर वाहत्या हालचालीत क्षणभर वर गेलेलं असतं. आपलं मूल ते उचलून, आवळून, खांदा कानाला लावून पुतळ्यासारखं थांबतं. मग वेळ आली की ते उंचावरचं कोपर धाडकन खाली येतं आणि आलेल्या वेगात हातांच्या पुढे निघून जातं. "मागचा पाय फिरव, किडा चिरडल्यासारखा" या दुसऱ्या लाडक्या सूचनेचंही तेच. चांगला फटका बसला की मागचा पाय आपोआप ओढला जातो, टाचेवरून उठतो, पुष्कळ मोठ्या बॅटरांचा तर त्या क्षणी जमिनीवरून सुटलेला असतो, कारण वजन पुढच्या पायाकडे गेलेलं असतं. आपण परिणामाचा फोटो काढतो आणि तो कृती म्हणून शिकवतो. मग मुलं मागच्या पायावर जागच्या जागी गरगर फिरतात. दिसतात मात्र फार मन लावून.

"बॅट सपाट फिरव" याची कथा तर पिढ्यान्‌पिढ्यांची. सपाट कशाला समांतर? पिचरचा उंचवटा १९६९ पासून १० इंच उंच आहे, बॉल त्याच्याही वर, खांद्याच्या उंचीवरून सुटतो, आणि येताना गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत असतं. प्लेटवर येणारा बॉल खाली उतरत असतो. १९४१ च्या मोसमात ज्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे हजारात ४०६ वेळा हिट, तो टेड विल्यम्स आयुष्यभर सांगत राहिला की बॅटचा मार्ग किंचित वर जाणारा हवा, म्हणजे ती बॉलच्या वाटेत जास्त वेळ राहते. तरीही "वरून खाली मार, कुऱ्हाडीसारखं" हा सल्ला टिकून राहिला. मग २०१५ पासून मेजर लीगच्या मैदानांवर प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन मोजला जाऊ लागला, आकडे घराघरांत पोहोचले, आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. आता लहान मुलं मागचा खांदा पाडून, मागचा गुडघा दुमडून, बॉलच्या खालून बॅट काढतात आणि कॅचरच्या डोक्यावर उंच झेल देतात. कुऱ्हाडवाले गेले, फावडेवाले आले. मुलाने काय करावं हे त्याच्या ताकदीवरून ठरत नाही, टीव्हीवरच्या शंभर किलोच्या माणसाने काल काय केलं त्यावरून ठरतं.

मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यांत जास्त आवडते ती सादाहारू ओहची हकीगत. जपानमधल्या योमिउरी जायंट्सचा हा डावखुरा बॅटर. १९६१ मध्ये त्याचे होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले फटके, होते १३. त्याच्या स्विंगमध्ये एक हिसका होता, मारायच्या आधी हात खाली-वर व्हायचे आणि उशीर व्हायचा. त्याचे गुरू हिरोशी अराकावा यांनी हातांना हात लावला नाही. त्यांनी त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर उभं राहायला लावलं. एका पायावर तोल सांभाळणाऱ्या माणसाला हातांचे चाळे परवडत नाहीत. १९६२ मध्ये त्याचे ३८ होमरन झाले, आणि १९८० मध्ये निवृत्त झाला तेव्हा ८६८. मधल्या काळात त्याने टांगलेल्या कागदावर तलवार चालवून सरावही केला. एका पायावर उभं राहून सगळ्यांना होमरन मारता येतील असं यातून कुणी काढू नये. तसं करणारे अनेक जण नुसतेच पडलेत. मला त्यात दिसतं ते अराकावांचं बघणं. दुखणं हातात दिसत होतं, औषध पायात होतं.

निकोलाय बर्नस्टाइन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात हातोडा मारणाऱ्या निष्णात कामगारांच्या हालचाली टिपल्या होत्या. हातोडा दर वेळी अचूक त्याच जागी पडत होता. खांदा, कोपर, मनगट मात्र दर खेपेला थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. एक सांधा चुकला तर दुसरा सांभाळून घेत होता. मुरलेपणा म्हणजे सांध्यांनी तीच ती कवायत करणं नव्हे, हे त्यातून दिसलं. बॅटरच्या बाबतीत तर दोन बॉल कधीच सारखे नसतात. गुडघ्याशी आलेल्या बॉलचा स्विंग आणि छातीशी आलेल्याचा स्विंग एकाच साच्यात बसवायला गेलो तर दोन्ही बिघडतात. लक्ष कुठे ठेवायचं याबद्दलही १९९० च्या दशकाअखेरीपासून गाब्रिएले वुल्फ आणि इतरांनी पुष्कळ प्रयोग केलेत, आणि त्यांत बहुधा असं निघतं की अवयवावर लक्ष ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर लक्ष ठेवलेलं बरं. "कोपर आत घे" म्हणण्यापेक्षा "बॉल पिचरच्या टोपीवरून घालव" म्हटलं तर कोपर पुष्कळदा आपलं आपण आत येतं. मला हे आधी बाष्कळ वाटायचं. बादलीवर बसून इतक्या मुलांना पाहिल्यावर नाही वाटत.

त्या मुलीच्या बाबतीत मला एक गोष्ट खटकत होती. पाय बाहेर पडणं भीतीने होतं हे ठीक, पण सॉफ्ट टॉसमध्ये भ्यायचं कशाला? बॉल तिच्या अंगावर येतच नव्हता, मी तो बाजूने उडवत होते. मग पाय का पळत होता? पुढच्या सरावाला मी तिची बॅट उचलून पाहिली. चांगलीच जड. मोठ्या भावाची किंवा "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून घेतलेली असणार. लहानांच्या बॅटवर लांबी आणि वजनातला फरक लिहिलेला असतो: उणे १० म्हणजे ३० इंची बॅट २० औंसांची, साधारण ५६७ ग्रॅम. हायस्कूलमध्ये तो फरक उणे ३ वर येतो, म्हणजे तेवढ्याच लांबीची बॅट सुमारे ७६५ ग्रॅमची. आकडे पाहून दोनशे ग्रॅमचं काय एवढं वाटेल, पण ते वजन टोकाकडे आहे आणि ते एका लहान मनगटाने फिरवायचं आहे. मी रांगेतल्या एका बारक्या मुलाची बॅट तिला दिली आणि काही न बोलता टॉस द्यायला लागले. कोपर हातांच्या मागे राहिलं. लगेच, पहिल्या काही बॉलांतच. हात अंगाजवळून निघाले, मनगटं बॉल लागून गेल्यावर वळली. पाय मात्र तसाच बाहेर. तो निव्वळ सवयीने पडत होता, सामन्यातली भीती सरावात घेऊन आला होता. म्हणजे माझी सुटसुटीत साखळीही पूर्ण खरी नव्हती. एक दुखणं बॅटेत होतं, एक पिचरमध्ये, आणि दोन्ही एकाच मुलीत एकमेकांत मिसळली होती.

सरांना सांगितलं. त्यांनी बॅट हातात तोलून पाहिली, म्हणाले, "हिच्या घरी बोलतो." पायाबद्दल त्यांचं मत कायम, फळी ठेवायची. मी टेनिसच्या बॉलांचा आग्रह धरून बसले आहे. सध्या दोन्ही चालतं आणि कशाचा गुण येतो ते कळणार नाही. माझ्याही मनात एक शंका घर करून आहे. काहीच न सांगणं हाही एक प्रकारचा आळस असू शकतो. मूल आपलं आपण शिकेल म्हणून गप्प राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची मुलं मोठ्या मैदानावर पोहोचल्यावर चाचपडताना पाहिली आहेत. लांब फेकलेले हात हळू बॉलवर शोभतात, कोपराची सवय वर्षागणिक घट्ट होते. बोलायला तर हवंच. फक्त चार वाक्यांतलं कुठलं एक बोलायचं आणि तीन कुठली गिळायची, याचा हिशोब ज्याने त्याने करायचा, आणि तो उभ्या असलेल्या मुलाकडे बघूनच होतो, फोनवरच्या व्हिडिओवर लाल रेघा ओढून होत नाही. रेघा ओढणारे पालक वाईट नसतात. त्यांना मदत करायची असते आणि हातात फोन असतो, इतकंच. पण अर्ध्यावर थांबवलेल्या चित्रात सगळेच स्विंग चुकलेले दिसतात, मेजर लीगवाल्यांचेसुद्धा.

परवा मोठ्या गटाचा सराव सामना होता. एका मुलाला दोन स्ट्राइक पडले होते, दोन्ही चुकलेले स्विंग; तिसऱ्या स्ट्राइकला बाद. तिसऱ्या बॉलवर त्याने बॅट फिरवली आणि बॉल टिपून सरळ मागे, कॅचरच्या डोक्यावरून जाळीवर जाऊन आदळला. बाकावरून "अरे!" असा हळहळीचा सूर निघाला, कुणीतरी नेहमीप्रमाणे "खांदा!" असं ओरडलंही. फाउल बाजूला गेला तर तो लवकर होता की उशिरा होता ते कळतं. सरळ मागे गेला तर वेळ तंतोतंत साधलेली असते, बॅट फक्त जराशी खालून निघून गेलेली असते. पिचरला हे माहीत असतं. तो पोरगा बॉल हातात घेऊन बराच वेळ चोळत उभा राहिला. सरांनी या वेळी बाकाकडे वळून सगळ्यांना गप्प केलं आणि बॅटरला काहीही सांगितलं नाही. पुढचा बॉल बराच बाहेर आला. त्याने तो सोडला.